पदवी हातात, नोकरी शोधात: जर्मनीतल्या मधल्या महिन्यांचा आरोग्य विमा

रात्री साडेदहाला फोन वाजला. माझी एक धाकटी मैत्रीण, मूळची सांगलीची, माग्डेबुर्गमध्ये मास्टर्स करून नुकतीच मोकळी झालेली. "ताई, फोटो पाठवलाय, बघ ना जरा. हे लोक महिन्याला १,१४१ युरो मागतायत. माझ्या खात्यात सगळे मिळून एवढे असतील-नसतील."

फोटोत विमा संस्थेचं पत्र होतं. वर ठळक अक्षरात 'बायट्राग्सबेशाइड', म्हणजे हप्ता ठरवल्याची नोटीस, आणि खाली चौकटीत तो आकडा. पगार शून्य, अर्ज पाठवणं चालू, आणि हप्ता एखाद्या मोठ्या पगाराच्या इंजिनिअरचा. तिला रडू फुटलं होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

हिशेब कायद्याप्रमाणेच झाला होता, फक्त तिची खरी परिस्थिती त्यात कुठेच आलेली नव्हती. तीन आठवड्यांत १,१४१ चे २५८ झाले. आणखी दोन महिन्यांनी ती २५ युरोंच्या आसपास येऊन ठेपली. विमा तोच, कार्ड तेच, डॉक्टरही तेच. हे कसं होतं, ते नीट सांगायचंय. कारण २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणारे भारतीय विद्यार्थी ४९ हजारांच्या वर होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त. त्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुलं किती आहेत ते इथल्या गणेशोत्सवात दिसतंच. या सगळ्यांना कधी ना कधी हा टप्पा गाठायचाच आहे: शिक्षण संपलंय, नोकरी लागलेली नाही.

पुढचे आकडे २०२५ सालचे आहेत. दर जानेवारीत ते थोडे वर सरकतात, पण गणित तेच राहतं.

मेडिक्लेम डोक्यातून काढा

आपल्याकडे विमा म्हणजे पॉलिसी. एजंट काका घरी येतात, पाच लाखांचं कव्हर की दहा ते ठरतं, वर्षाचा प्रीमियम भरला की वर्षभर चालू, नाही भरला की बंद. आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. ही सवय घेऊन आपण जर्मनीत येतो आणि समजतो की इथेही एक 'स्टुडंट पॉलिसी' घेतली आहे, ती संपली की नवी बघू.

जर्मनीतला सरकारी पद्धतीचा विमा असा चालत नाही. इथे क्रांकेनकासे नावाच्या संस्था आहेत, पुढे मी नुसतं कासे म्हणते. तुम्ही कासेचे सभासद असता. कव्हरला लाखांची मर्यादा नाही, आधीच्या आजाराला प्रतीक्षा नाही, मधुमेह असो की थायरॉइड, कोणी विचारत नाही. औषधामागे साधारण ५ ते १० युरो आणि हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला १० युरो, तेही वर्षाला २८ दिवसांपर्यंतच. बाकी बहुतेक कासे बघते.

या सभासदत्वाचं दुसरं अंग मात्र आपल्या सवयीच्या बाहेरचं आहे. हप्ता तुमच्या वयावर किंवा तब्येतीवर ठरत नाही, तुम्ही 'कोण आहात' यावर ठरतो. विद्यार्थी, कामगार, कामगाराची बायको किंवा नवरा, की यातलं कोणीच नाही. ही व्यवस्था बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांसाठी सुरू झाली आणि तिचा पाया अजून तोच आहे. विद्यार्थ्यांना त्यात स्वतंत्र, स्वस्त जागा मिळाली ती १९७५ च्या कायद्याने. 'शिकून झालंय आणि नोकरी शोधतोय' अशी वेगळी जागा मात्र कोणी केलीच नाही. म्हणून पदवी मिळाली की तुम्ही विद्यार्थ्याच्या खान्यातून बाहेर पडता आणि आपोआप 'यातलं कोणीच नाही' या खान्यात जाऊन पडता. सगळ्यात महागडा खाना तोच.

'आपोआप' हा शब्द लक्षात ठेवा. विमा संपत नाही. तुम्ही सही केली नाही, फोन केला नाही, कासेकडे फिरकलाही नाहीत, तरी सभासदत्व चालूच राहतं आणि त्याच्यासोबत हप्ताही. मुलं फसतात ती इथेच. "मी तर काही रिन्यू केलंच नाही," असं ती म्हणतात. रिन्यू करण्यासारखं काही नसतंच.

दोन घड्याळं

विद्यार्थी म्हणून महिन्याला साधारण १४५ युरो जातात. त्यात आरोग्य विमा आणि शुश्रूषा विमा दोन्ही आले. शुश्रूषा विमा म्हणजे म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या देखभालीसाठीचा. तेवीस वर्षं पूर्ण झाली आणि मूल नसेल तर त्यात ०.६ टक्के जास्त. आपली बहुतेक मुलं यातच बसतात.

ही सवलत नेमकी कधी संपते? इथे एकाच वेळी दोन घड्याळं चालू असतात, आणि ती एकत्र थांबत नाहीत.

पहिलं घड्याळ सेमिस्टरचं. तुमचं विद्यार्थी सभासदत्व ज्या सेमिस्टरला नाव नोंदवलं होतं ते सेमिस्टर संपेपर्यंत चालतं, मधेच एक्समॅट्रिक्युलेशन झालं, म्हणजे युनिव्हर्सिटीतून नाव कमी झालं, तरी. युनिव्हर्सिटीत उन्हाळी सत्र ३० सप्टेंबरला आणि हिवाळी ३१ मार्चला संपतं, फाखहोखशुलेमध्ये, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या कॉलेजांत, साधारण महिनाभर आधी. म्हणजे थीसिसचा निकाल जुलैत लागला, तरी १४५ चा हप्ता सप्टेंबरअखेरपर्यंत.

दुसरं घड्याळ नोकरीचं. ज्यांची वर्किंग स्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता करायची अर्धवेळ, नोकरी आहे त्यांच्या पगारातून आरोग्य विम्याचे पैसे कापत नाहीत, कारण ते आधी विद्यार्थी मानले जातात. हा दर्जा संपतो तो अंतिम निकाल लेखी कळवला जातो त्या महिन्याच्या शेवटी. सेमिस्टरच्या शेवटाशी याचा काही संबंध नाही. जुलैत निकाल आला आणि तुम्ही त्याच कंपनीत ऑगस्टमध्येही तेच काम करत राहिलात, तर ऑगस्टपासून तुम्ही साधे कर्मचारी. कंपनीला ते सांगणं तुमचं काम. अनेकजण सांगत नाहीत, कारण निकालाचा कागद ऑफिसात दाखवायचा असतो हे कोणी सांगितलेलंच नसतं. मग सहा महिन्यांनी हिशेब उलटा फिरतो आणि मागची कपात एकदम अंगावर येते.

पण एक चांगली बाजू आहे. कर्मचारी झालात की विमा नोकरीतूनच होतो. म्हणजे वर्किंग स्टुडंटची नोकरी निकालानंतरही थोडे महिने चालू ठेवता आली, तर महागडा खाना टळतो. थीसिसच्या शेवटच्या महिन्यात मॅनेजरशी बोलायचं असेल तर हे बोला.

तिशी ओलांडलेल्यांची गोष्ट वेगळी. ज्या सेमिस्टरमध्ये तीस वर्षं पूर्ण होतात त्याच्या शेवटी विद्यार्थी सवलत संपते, शिक्षण चालू असलं तरी. त्यांना अंतिम परीक्षेपर्यंत, पण जास्तीत जास्त सहा महिने, विद्यार्थ्यांचाच टक्केवारीचा दर मिळू शकतो. तोही मागायला लागतो. परीक्षा झाली की तोही नाही.

२५८ कुठून येतात

विद्यार्थी नाही, कर्मचारी नाही, मग तुम्ही 'फ्राइविलिग', म्हणजे स्वेच्छा सभासद. नावात स्वेच्छा आहे, पण बाहेर पडता येतं ते दुसरा पुरेसा विमा दाखवला तरच, आणि कासेने कळवल्यापासून दोन आठवड्यांत.

स्वेच्छा सभासदाचा हप्ता त्याच्या सगळ्या उत्पन्नावर लागतो. उत्पन्न नसेल तर? तर कायदा धरून चालतो की तुम्ही किमान १,२४८.३३ युरो कमावता. खिशात दमडी नसली तरी एवढे धरले जातात. त्यावर १४ टक्के आरोग्य विमा, वर कासेचा स्वतःचा जादा दर, सरासरी २.५ टक्के, आणि शुश्रूषा विम्याचे ४.२ टक्के. एकूण २०.७ टक्के. आकडा येतो २५८ युरो.

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, विद्यार्थ्याला महिन्याला ९९२ युरो मिळतात असं धरा. त्यातले चौथाईहून जास्त नुसत्या विम्यात. नोकरी शोधण्यासाठी मिळणारी परवानगी १८ महिन्यांची असते. पूर्ण १८ महिने तुम्ही याच खान्यात राहिलात तर साडेचार हजार युरोंच्या पुढे जातात. एक युरो शंभर रुपयांचा धरला तर साडेचार लाख. घरून कर्ज काढून आलेल्या मुलाला हा आकडा आधी कोणीतरी सांगायला हवा. एजंट सांगत नाहीत, कारण त्यांचं काम ॲडमिशनपाशी संपतं.

जादा दर कासे-कासेत थोडा वेगळा असतो, म्हणून मुलं रात्र रात्र तुलना करत बसतात. एक टक्क्याच्या फरकाने या खान्यात महिन्याला बारा-तेरा युरो वाचतात. वाचवा जरूर, पण खरे पैसे तिथे नाहीत.

आणि १,१४१? तो आकडा येतो न भरलेल्या फॉर्ममधून. सभासदत्व बदललं की कासे एक प्रश्नावली पाठवते: उत्पन्न किती, कुठून, लग्न झालंय का. माझ्या मैत्रिणीने ती उघडली, चार पानांची जर्मन बघितली आणि 'नंतर बघू' म्हणून टेबलावर ठेवली. त्याच आठवड्यात ती खोली बदलत होती. कासेला उत्तर आलं नाही की कायदा सांगतो, उत्पन्न कमाल मर्यादेइतकं धरा. ती मर्यादा ५,५१२.५० युरो. त्याचे २०.७ टक्के म्हणजे १,१४१.

असं पत्र आलं तर घाबरून गप्प बसायचं नाही. नोटीस निघाल्यापासून बारा महिन्यांच्या आत कमी उत्पन्नाचे पुरावे दिले, तर कासेला त्या काळाचा हप्ता नव्याने ठरवावा लागतो. आम्ही त्या रात्री फोनवरच प्रश्नावली भरली. ती एकेक ओळ वाचत होती, मी अर्थ सांगत होते. 'उत्पन्न' या रकान्यात शून्य लिहायला तिचा हात अडत होता. "शून्य लिहिलं तर व्हिसाला अडचण येईल का गं?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. फॉर्म कासेचा आहे, आणि खरं तेच लिहायचं. सोबत बँकेची स्टेटमेंटं, एक्समॅट्रिक्युलेशनचा कागद, आणि 'सध्या नोकरी शोधत आहे' असं दोन ओळींचं पत्र. कासेच्या ॲपवर अपलोड केलं आणि पोस्टानेही पाठवलं.

आणखी एक करा, आजच. टपालपेटीवरचं नाव बघा. खोली बदलताना पत्ता नगरपालिकेत बदलतो, कासेकडे बदलायचा राहतो, आणि नव्या घराच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव असतं. अशा पेटीत पोस्टमन पत्र टाकत नाही. नोटीस मात्र निघालेली असते.

५५६ युरोंचा उंबरठा

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग.

नोकरी शोधण्याच्या परवानगीवर तुम्हाला मधल्या काळात कुठलंही काम करता येतं. पदवीशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. म्हणून बरीच मुलं मिनीजॉब धरतात: कॅफे, गोदाम, सुपरमार्केट. २०२५ मध्ये मिनीजॉबची मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती, २०२६ पासून ६०३. हातात पूर्ण पैसे येतात, म्हणून मिनीजॉब बरा वाटतो. पण मिनीजॉबमधून विमा होत नाही. मालक तुमच्या पगारावर १३ टक्के रक्कम आरोग्य विम्याच्या नावाने भरतो, आणि तरीही तुम्ही त्यातून विमाधारक होत नाही. तुमचे २५८ चालूच. म्हणजे ५४० कमावून जवळजवळ निम्मे विम्यात घालवायचे.

हाच पगार ५५६ च्या वर गेला की सगळं बदलतं. तुम्ही विमा असलेले कर्मचारी होता. हप्ता पगारातून कापला जातो, वरचा वाटा मालकाचा. आणि ५५६ ते २,००० युरोंच्या पट्ट्यात, ज्याला मिडीजॉब म्हणतात, कर्मचाऱ्याचा वाटा मुद्दाम कमी ठेवलेला आहे. उंबरठ्याजवळ तो जवळपास शून्यापासून सुरू होतो.

महिन्याला ७०० युरो धरू. २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो, म्हणजे आठवड्याला साधारण साडेबारा तास. यावर आरोग्य आणि शुश्रूषा विम्यापोटी तुमच्या पगारातून २५ युरोंच्या आसपास कापले जातात. पेन्शन आणि बेरोजगारी विम्याचे अजून वीसेक. २५८ च्या जागी २५. आणि बाकीचे दिवस अर्ज, मुलाखती, जर्मनचा क्लास यांना मोकळे.

माझ्या मैत्रिणीला तोवर एका बेकरीत ५४० चा मिनीजॉब लागला होता. पहाटे सहाला ब्रोटशेनचे, म्हणजे छोट्या पावांचे, ट्रे लावायचे, दहापर्यंत काउंटर. मी तिला म्हटलं, मालकिणीला आठवड्यात आणखी तीन-चार तास माग. तिला वाटत होतं मालकीण चिडेल, कारण विम्याची नोकरी म्हणजे मालकाला भुर्दंड. पण तसं नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना मालकाचा खर्च जवळपास सारखाच येतो. मालकिणीने हिशेबनीसाला फोन केला आणि शनिवारची एक पाळी वाढवून दिली. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात दोन नव्या ओळी आल्या, केफाउ आणि पेफाउ: आरोग्य विमा, शुश्रूषा विमा. तो फोटो तिने मला पाठवला, खाली काहीच न लिहिता.

यात काही खाचा आहेत. 'कुर्त्सफ्रिस्टिग', म्हणजे तीन महिने किंवा ७० दिवसांपर्यंतच्या ठरावीक मुदतीच्या कामात पगार जास्त असला तरी सहसा विमा होत नाही. ख्रिसमस बाजारातल्या किंवा गोदामातल्या हंगामी कामांत हे असतं. करारात तो शब्द शोधा. पदवीनंतरची पगारी इंटर्नशिप मात्र नोकरीच धरली जाते, पगार उंबरठ्याच्या वर असेल तर विमा होतो. दोन मिनीजॉब असतील तर त्यांची बेरीज होते, आणि बेरीज मर्यादेच्या वर गेली की दोन्ही ठिकाणी विमा लागू. त्यासाठी दोन्ही मालकांना एकमेकांबद्दल सांगावं लागतं. आणि फ्रीलान्स कामातून हा लाभ नाही. स्वतःचं बिल फाडलं की तुम्ही स्वेच्छा सभासदच राहता.

नवरा-बायको

तुमचा जोडीदार जर्मनीत नोकरीला असेल आणि सरकारी कासेचा सभासद असेल, तर तुम्ही त्याच्या किंवा तिच्या विम्यात फुकट येता. फामिलिएनफेरझिशेरुंग, कुटुंब विमा. अट अशी की तुमचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ५३५ युरोंपेक्षा जास्त नको, मिनीजॉब असेल तर ५५६. मुंबईहून लग्न करून आलेली आणि इथे पदवी घेतलेली एक मुलगी पाच महिने २५८ भरत राहिली, नवरा त्याच शहरात पूर्ण पगारावर असताना. एका फॉर्मचं काम होतं. दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. जोडीदार खासगी विम्यात असेल तर मात्र हे दार बंद.

जिथून विमा मिळेल असं वाटतं, पण मिळत नाही

रोजगार कार्यालयात, आर्बाइट्सआगेंटुरमध्ये, 'नोकरी शोधतोय' म्हणून नाव नोंदवणं चांगलंच. सल्ला मिळतो, कधी कोर्सही. पण नुसत्या नोंदणीने विमा मिळत नाही. विमा येतो तो बेरोजगारी भत्त्यासोबत, आणि भत्त्यासाठी मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने बेरोजगारी विमा भरलेला असावा लागतो. वर्किंग स्टुडंट तो भरतच नाहीत. दोन वर्षं आठवड्याला वीस तास राबलात तरी त्यातून हक्क तयार होत नाही.

दुसरा, किमान निर्वाहाचा सरकारी भत्ता. ज्यांचा राहण्याचा हक्क फक्त नोकरी शोधण्यासाठी आहे त्यांना तो मिळत नाही. अर्ज करायलाही जाऊ नका. आपली परवानगी 'स्वतःचा खर्च स्वतः भागवतो' या अटीवर टिकलेली असते.

आणि भारतातला मेडिक्लेम, आईबाबांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये नाव असलं तरी, इथल्या कार्यालयात चालत नाही.

स्वस्त खासगी पॉलिसीचा मोह

महिन्याला तीस-चाळीस युरोंत 'परदेशी लोकांसाठी' असा विमा विकणाऱ्या जाहिराती तुम्हाला दिसतीलच. २५८ च्या शेजारी तो आकडा गोड वाटतो. मी तो मोह समजू शकते, पण माझं मत स्पष्ट आहे: ज्यांना सरकारी कासेत राहता येतंय त्यांनी त्यासाठी ती सोडू नये.

या बहुतेक पॉलिसी मुळात प्रवास विम्याच्या जातीच्या असतात. आधीपासूनचे आजार वगळलेले, दातांच्या कामाला मर्यादा, गरोदरपणाला प्रतीक्षा. पॉलिसीची मुदत ठरलेली, त्यानंतर कंपनीवर बंधन नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला परवानगी देताना 'पुरेसा' विमा बघायचा असतो, आणि अनेक ठिकाणी अशी पॉलिसी टेबलावरूनच परत येते. आणि कासे एकदा सोडली की 'आता परत घ्या' असं म्हणून परतता येत नाही. विमा लागू होणारी नोकरी लागली तरच परत प्रवेश. मधल्या काळात ॲपेंडिक्स दुखलं किंवा सायकलवरून पडून हात मोडला, आणि पॉलिसीने नाही म्हटलं, तर बिल तुमच्या नावावर.

ज्यांनी शिक्षण सुरू करतानाच सरकारी विम्यातून सूट घेऊन खासगी विमा घेतला, किंवा तिशीनंतर आल्यामुळे घ्यावा लागला, त्यांच्यापुढे हा पर्याय नसतोच. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. त्यांनी आपल्या कंपनीला पदवीच्या आधीच लेखी विचारावं: विद्यार्थी दर कधी संपतो, त्यानंतर कुठला दर, आणि मिळणारं प्रमाणपत्र परवानगीसाठी चालेल का. आणि त्यांच्यासाठी तर ५५६ चा उंबरठा दुप्पट मोलाचा. मिडीजॉब लागला की त्याच दिवसापासून ते सरकारी कासेत येतात, कुठलीही तब्येतीची चौकशी न होता.

हप्ते थकले तर

स्वेच्छा सभासदाने महिन्याचा हप्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. दोन महिन्यांएवढी थकबाकी झाली आणि आठवण करूनही भरली नाही, तर सेवा गोठवल्या जातात. तरीही तीव्र आजार, असह्य दुखणं, गरोदरपण आणि आजार लवकर ओळखण्याच्या तपासण्या यांसाठी डॉक्टर मिळतो. बाकी थांबतं. थकबाकीवर महिन्याला एक टक्का दंड, आणि शेवटी जप्ती अधिकाऱ्याचं पत्र.

पैसे नसतील तर तारीख उलटायच्या आधी कासेला लिहा आणि हप्ते बांधून मागा. 'रातेनत्सालुंग' (Ratenzahlung) हा शब्द वापरा. ठरलेले हप्ते वेळेवर भरत राहिलात तर गोठवलेल्या सेवा पुन्हा चालू होतात. मी ज्यांना ज्यांना असं लिहायला लावलं, त्यांना माणसासारखी उत्तरं आली. चार महिने पत्रं न उघडणाऱ्यांचे हाल मात्र मी बघितलेत.

नोकरी लागली, किंवा परतायचं ठरलं

नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून विमा तिथून. कंपनीला फक्त कासेचं नाव आणि विमा क्रमांक द्यायचा. या वेळी हवी तर नवी कासेही निवडता येते. जुन्या कासेला मात्र तारीख कळवा, नाहीतर एखाद्या महिन्याचे स्वेच्छा सभासदाचे पैसे जादा कापले जातात आणि परत मिळायला वेळ जातो. पगार वर्षाला ७३,८०० युरोंच्या वर असेल तर खासगी विम्याचे विक्रेते पहिल्याच महिन्यात गाठतील. त्यांना सहा महिने थांबायला सांगा.

आणि नाही लागली, परत जायचं ठरलं, तर त्याबद्दल आपल्यात फारसं कोणी बोलत नाही. मुलं शांतपणे बॅग भरतात, मित्रांनाही शेवटच्या आठवड्यात कळतं. त्या घाईत कासे राहून जाते. सभासदत्व आपोआप चालू राहणारं असल्यामुळे तुम्ही पुण्याला घरी पोहोचलात तरी माग्डेबुर्गच्या पत्त्यावर हप्ते लागत राहू शकतात. प्रश्नावलीला उत्तर नाही, म्हणून कमाल दराने. दोन-तीन वर्षांनी पुन्हा जर्मनीत यायची संधी आली की तो हिशेब तुमची वाट बघत असू शकतो.

निघायच्या आधीच्या आठवड्यात नगरपालिकेत अबमेल्डुंग करा, म्हणजे पत्ता बंद केल्याची नोंद. त्याचा कागद मिळतो. त्याचा फोटो, विमानाच्या तिकिटाची तारीख आणि भारतातला पत्ता व ईमेल, हे सगळं कासेला पाठवा आणि सभासदत्व संपल्याचं लेखी उत्तर मागा. ते उत्तर येईपर्यंत जर्मन बँक खातं बंद करू नका. शेवटच्या महिन्याचा हिशेब बहुधा तुम्ही पोहोचल्यावर होतो, आणि जादा कापलेले पैसे त्याच खात्यात परत येतात.